लाल तेलाची साक्ष: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं दुखणं ओळखण्याचा इतिहास

(भागाचं संपादित शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी ओघ तसाच ठेवला आहे.)

गेले काही दिवस एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. दहा-बारा वर्षं जुनी ऑटोमॅटिक स्वस्तात मिळतेय, बाहेरून चकाचक आहे, पण डीमध्ये टाकली की क्षणभर विचार करते आणि मग झटका देऊन निघते. घ्यावी का? आणि घेतल्यावर मेकॅनिक म्हणाला, "साहेब, गिअरबॉक्स उतरवायला लागेल," तर मान डोलवायची का?

हा प्रश्न जवळपास ८५ वर्षं जुना आहे. ऑटोमॅटिक गाडी रस्त्यावर आली त्या दिवसापासून तो आहे, आणि प्रत्येक पिढीने त्याचं उत्तर वेगळ्या हत्याराने शोधलं. आधी तेलाचा वास, मग ब्रेक आणि आरपीएमचा काटा, मग लुकलुकणारा दिवा, मग कोड. माझं म्हणणं असं की, या सगळ्या काळात एक गोष्ट बदलली नाही. गिअरबॉक्स "गेला" असं ठरवणं सोपं, आणि का गेला ते शोधणं कंटाळवाणं. त्यामुळे शे-दोनशेच्या पार्टसाठी चांगले गिअरबॉक्स उतरले, आणि तेलाचा डबा चुकला म्हणून चांगले गिअरबॉक्स खरोखर मेले. आजचा भाग त्यावर.

सुरुवात १९३९ पासून करू. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलसाठी हायड्रा-मॅटिक नावाचा गिअरबॉक्स आणला. मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक तोच. त्यामागचा मुख्य माणूस अर्ल थॉम्प्सन. गिअर टाकताना करकर होऊ नये म्हणून जो सिंक्रोमेश असतो, तोही त्याचाच. म्हणजे या गृहस्थाने आधी गिअर टाकणं सोपं केलं आणि मग ते कामच काढून टाकलं.

आत काय होतं? इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये नेहमीच्या क्लच प्लेटऐवजी तेल. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला, की हवेच्या झोताने दुसराही फिरायला लागतो. इथे हवेच्या जागी तेल. ही कल्पना जर्मनीतल्या हर्मान फॉटिंगरची, १९०५ सालची, आणि ती मोटारीसाठी नव्हतीच. जहाजाच्या टर्बाइनसाठी होती. या तेलाच्या जोडामागे ग्रहमालेसारखे गिअर, आणि त्यातलं काय फिरू द्यायचं आणि काय धरून ठेवायचं हे ठरवणारे क्लच आणि पट्टे.

आता गिअर कधी बदलायचा हे कोण ठरवणार? १९३९ साली गाडीत कॉम्प्युटर नव्हता, पण माझ्या मते हायड्रा-मॅटिकमध्ये कॉम्प्युटर होता, फक्त तो तेलाचा होता. गाडीच्या वेगाबरोबर एका नळीतलं तेलाचं प्रेशर वाढायचं. ॲक्सिलरेटर दाबला की दुसऱ्या नळीतलं प्रेशर वाढायचं. मध्ये एक छोटा दट्ट्या, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी रस्सीखेच. वेगाची बाजू जिंकली की दट्ट्या सरकला आणि वरचा गिअर पडला. पाय जोरात दाबला असेल तर वेगाला जिंकायला उशीर, म्हणून गिअर उशिरा पडतो. आम्ही कोडमध्ये जे "इफ" लिहितो, तेच इथे लोखंडात कोरलेलं. फरक इतकाच, की याचा लॉग कुठेच लिहिला जात नाही. चूक झाली तर चूक का झाली हे सांगणारं कोणी नाही. उरतं ते तेल.

तेल नंतर लाल रंगाचं झालं. रंगाचा घर्षणाशी संबंध नाही. इंजिन ऑइलपेक्षा ते वेगळं ओळखू यावं आणि गाडीखाली थेंब पडला तर कुठून पडला हे कळावं, म्हणून रंग टाकला. निदानासाठी घातलेली ही पहिली सोय म्हणायला हरकत नाही. डिपस्टिक बाहेर काढायची, पांढऱ्या कापडावर पुसायची. लाल आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी आणि जळका वास असेल तर आतल्या क्लचचं अस्तर जळतंय. बोटांत चोळल्यावर कचकच लागली तर अस्तर नाहीतर धातू झिजून तेलात उतरलाय. आणि गुलाबी, दुधाळ दिसलं तर तेलात कूलंट शिरलंय.

हे शेवटचं जरा उलगडून सांगतो. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच टाकीत बसवलेली असते. ती आतून फुटली की कूलंट आणि तेल एकत्र. कूलंटमधलं ग्लायकॉल क्लचचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं, त्या गोंदावर हल्ला करतं. अमेरिकेत २००५ नंतरच्या निसान पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर गाड्यांत हे इतकं झालं, की तिथल्या मालकांनी त्याला स्ट्रॉबेरी मिल्कशेक असं नाव पाडलं. दोष रेडिएटरचा, मेला गिअरबॉक्स.

तेलाची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वात विचित्र वाटते. ऑटोमॅटिकच्या तेलाकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. क्लच लागताना झटका बसू नये म्हणून ते थोडं घसरू दे, आणि लागल्यावर मात्र अजिबात घसरू देऊ नको. हा तोल सांभाळायला तेलात एक खास घटक घालावा लागतो. जनरल मोटर्सच्या डेक्सरॉन तेलात, म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, हे काम स्पर्म व्हेल माशाच्या तेलाकडे होतं. डेट्रॉइटची गाडी मऊपणे गिअर बदलायची ती देवमाशाच्या जिवावर. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं आणि तो पुरवठा बंद झाला. मग पर्याय शोधण्याची धावपळ. डेक्सरॉन-२ आलं, तर त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीने कूलरमधल्या डाख दिलेल्या सांध्यांनाच गंज चढायला लागला, म्हणून ते परत सुधारावं लागलं. देवमासा वाचला हे योग्यच झालं. पण त्या काळातल्या मेकॅनिकचा विचार करा. समोर गाडी तीच, गिअरबॉक्स तोच, डब्यावर नाव जवळपास तेच, आणि आतलं रसायन बदललेलं.

त्याच काळात फोर्डचं टाइप एफ नावाचं वेगळं तेल होतं. त्याचा स्वभाव डेक्सरॉनच्या उलट, क्लच पटकन आणि घट्ट पकडणारा. दोन्ही तेलं लाल. डिपस्टिकवर बघून फरक कळणार नाही, गाडी चालवल्यावर कळेल. म्हणजे रंगाची सोय तेल कुठून गळतंय यापुरती. आत कोणतं तेल आहे, हे रंग सांगत नाही.

तेलाने संशय येतो, पण गुन्हेगार कोण हे ठरत नाही. ते ठरवायची जी पद्धत निघाली, ती मला मनापासून आवडते. उदाहरण घेऊ क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटचं. १९५६ ला आला, तीन गिअर. हॉवर्ड सिम्पसन नावाच्या इंजिनिअरने शोधलेली ग्रहमाला त्यात होती. आत धरणाऱ्या-सोडणाऱ्या मोजून पाच गोष्टी: पुढचा क्लच, मागचा क्लच, दोन पट्टे आणि एकाच दिशेला फिरू देणारा एक वन-वे क्लच, म्हणजे सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तक्ता असायचा, कोणत्या गिअरला कोण काम करतं. मागचा क्लच पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरना लागतो. पुढचा क्लच तिसऱ्याला आणि रिव्हर्सला. एक पट्टा दुसऱ्याला. दुसरा पट्टा रिव्हर्सला आणि हाताने १ मध्ये टाकलं तर. डीमध्ये असताना पहिल्या गिअरला तो वन-वे क्लच.

आता गंमत बघा. गाडी पुढे सगळीकडे सरकते, रेस दिली तरी ओढत नाही, पण रिव्हर्स मस्त? मागचा क्लच. तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरतात, पहिला-दुसरा ठीक? दोघांत समान कोण, तर पुढचा क्लच. डीमध्ये सुरुवातीला घसरते, पण लीव्हर १ वर आणला की ताकदीने निघते? वन-वे क्लच. एक नट न खोलता, नुसती गाडी चालवून आणि तक्ता बघून. कॉलेजात ट्रुथ टेबल शिकताना आपल्याला वाटायचं याचा उपयोग काय, तर हा. आणि ज्याला हा तक्ता पाठ आहे असा मेकॅनिक आणि "गिअर स्लिप होतोय, बॉक्स गेला" म्हणणारा मेकॅनिक, यांच्यातला फरक तेव्हाही पैशांत मोजला जायचा.

तक्त्याच्या जोडीला स्टॉल टेस्ट. हँडब्रेक लावायचा, पायाचा ब्रेक घट्ट दाबायचा, डीमध्ये टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि आरपीएमचा काटा कुठे अडकतो ते बघायचं. पाच सेकंद, त्याहून जास्त नाही, कारण इंजिनची सगळी ताकद त्या वेळी तेल तापवण्यात जाते. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो. काटा त्याच्या बराच वर गेला तर आतले क्लच धरत नाहीयेत नाहीतर तेलाचं प्रेशर कमी आहे. खाली अडकला तर एकतर इंजिनच अशक्त आहे किंवा टॉर्क कन्व्हर्टरमधला वन-वे क्लच गेलाय. पी आणि एनमध्ये ही चाचणी निरर्थक, आणि ब्रेक कमजोर असलेल्या गाडीत ती जिवावर बेतेल. समोर माणूस उभा असताना तर कधीच नाही. तेव्हाच्या पुस्तकांत हे ठळक छापलेलं असायचं, आजच्या व्हिडिओंत नसतं.

आता येऊ शे-दोनशेच्या पार्टवर. टॉर्कफ्लाइटनंतरच्या पिढीत जनरल मोटर्सचे टर्बो-हायड्रामॅटिक आले. त्यातला ४०० हा इतका दणकट की रोल्स-रॉईस, जॅग्वार आणि फेरारीनेही तो विकत घेतला. इंजिनवर किती भार आहे हे गिअरबॉक्सला कळावं म्हणून त्यावर एक छोटा डबा असायचा, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. आत रबराचा पडदा, आणि इंजिनपासून आलेली रबरी नळी. पडदा फाटला की दोन गोष्टी एकदम होतात. गिअरबॉक्सला वाटतं इंजिनवर प्रचंड भार आहे, म्हणून गिअर उशिरा आणि दणका देऊन पडतात. आणि त्याच नळीतून इंजिन गिअरबॉक्सचं तेल शोषून घेतं, जाळतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर सोडतं. मालकाच्या दृष्टीने काय दिसतं? झटके, धूर, तेल कमी होतंय आणि गाडीखाली एक थेंब नाही. म्हणजे इंजिन पण गेलं, गिअरबॉक्स पण गेला! प्रत्यक्षात नळी काढून आत लाल तेल आहे का बघायचं. असेल तर डबा बदलायचा. संपलं.

याचा उलटा प्रकार १९८२ च्या ७००-आर४ मध्ये. इथे मॉड्युलेटरऐवजी ॲक्सिलरेटरला जोडलेली एक केबल, टीव्ही केबल. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. तिचं काम आतलं प्रेशर ठरवणं. कार्ब्युरेटरचं काम करताना कोणी ती सैल सोडली, तर प्रेशर कमी, क्लच हळूच घसरत राहतात, आणि गाडी उलट जास्त "मऊ" चालते. मालक खूश. काही दिवसांनी तिसरा-चौथा गिअर जळून खाक. यात लक्षात ठेवण्यासारखं हे की, मऊ चालणं हे नेहमी तब्येतीचं लक्षण नसतं.

आणि मग १९८९. क्रायस्लरने ए६०४ आणला, जाहिरातीतलं नाव अल्ट्राड्राइव्ह. यात तेलाचा कॉम्प्युटर काढून खरा कॉम्प्युटर बसवला. पट्टे नाहीत, वन-वे क्लच नाहीत. एक क्लच सोडायचा आणि त्याच क्षणी दुसरा धरायचा, हे सगळं इलेक्ट्रॉनिक्सने. हा गिअरबॉक्स कमालीचा बदनाम झाला. सुरुवातीच्या गाड्यांत खरे दोष होतेच, पण एक कारण पुन्हा तेल. त्याला क्रायस्लरचं स्वतःचं ७१७६ नावाचं तेल लागायचं. ते नसेल तर डेक्सरॉन चालेल असं कंपनीच्याच सूचनांत होतं. ते चाललं नाही. कॉम्प्युटरने आखलेला मिलिसेकंदांचा हिशोब एका विशिष्ट घर्षणावर बेतलेला होता, आणि डेक्सरॉनचं घर्षण वेगळं. गाडी थरथरायची, आणि पुढे क्लच जळायचे. गॅरेजवाल्याने पुस्तकात लिहिलेलं केलं आणि गाडी मेली. अशा वेळी कोणाला दोष देणार?

पण याच बदनाम गिअरबॉक्सने निदानाला एक नवीन गोष्ट दिली, आणि तिचं पुरेसं कौतुक होत नाही असं मला वाटतं. त्यात दोन स्पीड सेन्सर होते, एक आत येणाऱ्या शाफ्टवर, एक बाहेर जाणाऱ्यावर. एकाला दुसऱ्याने भागलं की प्रत्यक्ष गिअर रेशो. तो पुस्तकातल्या रेशोशी जुळला नाही म्हणजे क्लच घसरतोय. हे ड्रायव्हरला जाणवण्याआधी कॉम्प्युटरला कळायचं. मग तो धोका न पत्करता गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकवून ठेवायचा, घरापर्यंत रांगत जा म्हणून. हाच लिम्प मोड. त्याहून भारी म्हणजे, प्रत्येक क्लच भरायला किती तेल लागतं हे तो मोजून साठवायचा. क्लच झिजला की फट वाढते, फट वाढली की जास्त तेल लागतं. म्हणजे कंपनीचं स्कॅनर जोडून आकडा वाचला की आतलं अस्तर किती उरलंय याचा अंदाज, गिअरबॉक्स न उघडता. १९८९ मध्ये!

मात्र लिम्प मोडने नवा गोंधळ घातला. सेन्सर खराब झाला तरी रेशो चुकीचा दिसतो, आणि गाडी तशीच दुसऱ्यात अडकते. क्लच जळालाय की सेन्सर मेलाय, मालकाला लक्षण एकच. कोड नीट वाचणाऱ्याकडे गेलात तर सेन्सर बदलून मिळणार, न वाचणाऱ्याकडे गेलात तर गिअरबॉक्स.

जपानी गाड्यांनी त्याच सुमारास कोड वाचण्याची एक गरिबांची पद्धत दिली होती. १९९० च्या आसपासच्या टोयोटात बॉनेटखालच्या छोट्या डब्यात टीई१ आणि ई१ अशा दोन पिना असतात. वायरच्या तुकड्याने त्या जोडायच्या, चावी ऑन करायची आणि डॅशबोर्डवरचा "ओ/डी ऑफ" दिवा बघायचा. सहा वेळा लुकलुकला, थांबला, मग दोन वेळा, म्हणजे ६२: पहिला सोलेनॉइड. ६३ म्हणजे दुसरा. ६४ म्हणजे लॉक-अपचा. ४२ म्हणजे स्पीड सेन्सर. हत्यार काय, तर वायरचा तुकडा. ना लॅपटॉप, ना सबस्क्रिप्शन.

१९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. एकच सॉकेट, एकाच पद्धतीचे कोड. आपल्याकडे ते बीएस-४ बरोबर एप्रिल २०१३ पासून आलं, त्यामुळे आज दहा-बारा वर्षं जुनी म्हणून जी गाडी आपण बघतो, त्यात ते असतं. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारे स्वस्त ॲडॅप्टरही सगळीकडे मिळतात. त्यातले बहुतेक ईएलएम३२७ नावाच्या एका कॅनेडियन चिपच्या नकला आहेत. मूळ कंपनीने पहिल्या आवृत्तीत कॉपी-प्रोटेक्शन चालूच केलं नव्हतं, आणि जगभर त्याच्या नकला पसरल्या. आमच्या धंद्यातले लोक हे ऐकून हसतातही आणि हळहळतातही.

पण एक गैरसमज इथे तयार झाला. कोड मिळाला म्हणजे निदान झालं. पी०७०० हा सर्वात जास्त दिसणारा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगितलंय, माझ्याकडे तक्रार आहे, तू दिवा लाव. तक्रार काय, ते गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि स्वस्त ॲडॅप्टर बऱ्याचदा तिथपर्यंत पोचतच नाही. पी०७३० म्हणजे रेशो जुळत नाही. का जुळत नाही? तेल कमी, क्लच जळालेला, सोलेनॉइड अडकलेला, सेन्सर खोटं बोलतोय, वायर तुटलेली. या जागी पुन्हा १९५६ चा तक्ता काढावा लागतो. कोणत्या गिअरला होतंय, कोणत्याला नाही?

आणि तक्ता चालवायला मूळ साक्षीदार लागतो, तेल. नेमका तोच या काळात हद्दपार झाला. १९९६ पासूनचा मर्सिडीजचा ७२२.६ गिअरबॉक्स घ्या. डिपस्टिकची नळी आहे, पण आत डिपस्टिक नाही. वर सील केलेलं झाकण. मोजपट्टी वर्कशॉपकडे. पुण्यात १९९५ पासून ई-क्लास जोडली जाते, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मर्सिडीजमध्ये हा गिअरबॉक्स बघायला मिळतो. त्याचं एक प्रसिद्ध दुखणं म्हणजे वायरिंगचा १३ पिनांचा जोड. त्याच्या रबरी रिंगा कडक झाल्या की तेल तिथून झिरपतं. इतकंच नाही, वायरच्या तारांमधून केशाकर्षणाने वर चढत थेट कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. गाडी लिम्प मोडमध्ये, मालकाच्या हातात मोठं कोटेशन, आणि मुळाशी प्लॅस्टिकचा एक जोड. तेलाची पातळी आपली आपल्याला बघता आली असती, तर ती खाली जातेय हे कधीच कळलं असतं.

बीएमडब्ल्यूने तेल "लाइफटाइम" आहे, बदलायची गरज नाही, असं सांगितलं. ज्या झेडएफ कंपनीने ते गिअरबॉक्स बनवले, ती स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. मला यात गूढ काही दिसत नाही. पहिल्या मालकाच्या वॉरंटीपुरतं आयुष्य धरलं तर ते लाइफटाइमच आहे. आपण तिसरे मालक, आपलं आयुष्य त्यात मोजलेलं नाही.

यावरूनच "ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" ही आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी कहाणी. लोक तेल कधी बदलतात? गिअर सरकायला लागल्यावर. म्हणजे बदलायच्या आधीच क्लच संपलेला असतो, आणि नव्या तेलावर खापर फुटतं. चुकीचं तेल टाकलं तर मात्र ती कहाणी खरी ठरते, ए६०४ सारखी. म्हणून काय टाकलं याचं बिल मागा. नुसतं "एटीएफ बदललं" लिहिलेलं बिल मी तरी पुरावा धरणार नाही.

आता तुमची ती स्वस्तातली गाडी. पहिला प्रश्न, गिअरबॉक्स कोणता? हा प्रश्न पण जुना आहे. ऑगस्ट १९५३ मध्ये हायड्रा-मॅटिकचा लिव्होनियाचा कारखाना जळून खाक झाला आणि त्या वर्षीच्या काही कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल ब्यूइकचा डायनाफ्लो लावून विकल्या गेल्या. नाव तेच, आतलं यंत्र वेगळं. आपल्याकडे होंडा सिटी बघा. २००३ च्या पिढीत सीव्हीटी, त्यात टॉर्क कन्व्हर्टरच नाही, स्टार्ट क्लच आहे. २००८ च्या पिढीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला. २०१४ मध्ये पुन्हा सीव्हीटी, आणि यात टॉर्क कन्व्हर्टर. तीन गाड्या, तीन तेलं, तीन प्रकारची दुखणी, आणि जाहिरातीत लिहिलेलं "सिटी ऑटोमॅटिक". शिवाय २०१४ च्या सेलेरिओपासून आलेल्या एएमटी म्हणजे आतून चक्क मॅन्युअल, फक्त क्लच दाबायला मशीन. तिच्या झटक्यांना वरचं काहीच लागू नाही.

टॉर्क कन्व्हर्टरवाली असेल असं धरून पुढे सांगतो. मालकाला आधी सांगून ठेवा, गाडी सुरू करू नका, मी आल्यावर करू. पोचलात की बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर हसून परत या आणि दुसऱ्या दिवशी जा, कारण सील कडक झालेली असली की थंड असतानाच गिअर उशिरा लागतो. पीमधून आर, थांबा, मग डी. लीव्हर हलवल्यापासून गाडीने ओढ घेईपर्यंत एक-दीड सेकंद ठीक, त्याहून लांबलं तर प्रेशर किंवा सील. डिपस्टिक असेल तर पांढरा रुमाल. इंजिन चालू ठेवून बघायची की बंद करून, हे त्या गाडीच्या पुस्तकात बघा. बऱ्याच गाड्यांत चालू, होंडात बंद करून लगेच.

मग ॲडॅप्टर लावा आणि कोड आहेत का एवढंच बघू नका, कारण विकणाऱ्याकडेही तोच ॲडॅप्टर असतो. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा बऱ्याच गाड्यांत वाचता येतो. तो १२ आला, तर कालच कोणीतरी पुसलेत. का पुसले, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर ६० ते ८० च्या दरम्यान, पाय हलका ठेवून. या वेगाला टॉर्क कन्व्हर्टर आतून लॉक होतो. गाडी रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरली, तर कारण दोनपैकी एक: इंजिन मिसिंग करतंय किंवा लॉक-अपचा क्लच घसरतोय. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला नुसता स्पर्श करा, दिवा लागण्यापुरता. मागे कोणी नाही ना हे आरशात बघून. ब्रेक स्विच लागला की लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर लॉक-अप, चालूच राहिली तर इंजिनकडे बघा. लॉक-अपची थरथर सुरुवातीची असेल तर योग्य तेल बदलून बऱ्याचदा जाते, म्हणून बोलणी तेलाच्या खर्चावरून सुरू करा आणि गिअरबॉक्सच्या भीतीचे पैसे किमतीतून कापून घ्या. सीव्हीटीची थरथर मात्र वेगळी, तिच्यासाठी पुढचा भाग ठेवलाय.